मिशी वगळून

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कचेरीचे साहेब, व्यासपीठावर बसलेले वरच्या कचेरीचे पाहुणे, त्यांच्या शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त झालेली आणि निवृत्तीच्या वाटेवर असलेली सहकारी मंडळी, खिडकीबाहेर तराजू कडेवर घेऊन उभे असलेले दुकानदार, आणि दारातल्या चहावाल्या मावशी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. हे भाषण मी हौसेने लिहिलेलं नाही. मापखोलीची किल्ली अकरा दिवसांपासून अडकली आहे आणि ती सुटावी म्हणून मला लिहावं लागलं. सव्वीस वर्षांनी लिहिते आहे. मध्ये अहवाल लिहिले, ताकिदी लिहिल्या, इस्त्रीच्या कपड्यांची यादी लिहिली. त्याला मी लिहिणं म्हणत नाही.

पाहुण्यांना आमच्या रीती ठाऊक नाहीत, म्हणून थोडं मागून सांगते. बाकीच्यांना सगळं पाठ आहे, त्यांनी कुजबुज न करता ऐकावं.

आमची ही वजनमापांची कचेरी. शहरातला प्रत्येक तराजू, प्रत्येक वजन, कापड मोजायची प्रत्येक पट्टी वर्षातून एकदा इथे येते. मापखोलीत ठेवलेल्या प्रमाण वजनाशी, प्रमाण पट्टीशी ती ताडून पाहिली जाते. जुळली तर शिक्का मिळतो, नाही जुळली तर दुरुस्त करून आणायची. दोन ग्रॅमचा फरकसुद्धा आम्हाला खपत नाही. मग अशा कचेरीत एकच निरोपाचं भाषण एकोणीस माणसांना कसं खपलं? हा प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे. मला तो पडायला सव्वीस वर्षं लागली.

त्या वेळी इथले हेडक्लार्क निवृत्त झाले. त्यांच्यासाठी भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात असताना माझ्या तीन कथा छापून आल्या होत्या आणि ही गोष्ट नोकरीच्या अर्जात लिहिण्याची चूक मी केली होती. कथा तेव्हाही लिहीत होते. सकाळी स्वयंपाकाआधी तासभर, शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये. तेव्हा म्हटलं, भाषण काय, लिहू.

हेडक्लार्क सज्जन होते. सहा फूट उंच. भरघोस मिशा. जेवणाच्या सुट्टीत बासरी वाजवायचे. याखेरीज तेहतीस वर्षांत त्यांनी काय केलं, हे मी दोन दिवस विचारत हिंडले. कोणाला काही आठवेना. शेवटी त्यांनाच विचारलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, ‘वेळेवर येत होतो.’ खरं होतं ते. पण वेळेवर येण्यावर किती लिहिणार? चार ओळी झाल्या, मिशांवर सहा, बासरीवर पाच, आणि मग भाषण जागच्या जागी बसलं. म्हणून मी त्यात मांजर घातली.

ते वाक्य तुम्हा सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. ‘मोठ्या तराजूच्या पारड्यात मांजर व्यायली, तेव्हा ज्यांनी त्या मुक्या जिवासाठी तराजूलाही नऊ दिवस विश्रांती दिली, त्यांच्या मनाचं वजन आपण कोणत्या मापाने करावं?’

टाळ्या नकोत. सवय आहे, मला माहीत आहे. हात खाली घ्या.

त्या दिवशी मात्र टाळ्या पडल्या त्या खऱ्या होत्या. तेव्हाचे साहेब हळवे. त्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातून कागद घेतला, तसेच शिक्क्याच्या टेबलाशी गेले आणि कागदावर दणकन शिक्का मारला: ‘तपासले. बरोबर आहे.’ त्यांना माझं कौतुक करायचं होतं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं. पण शिक्का तो शिक्का.

चार महिन्यांनी ड्रायव्हर निवृत्त झाले. मी त्यांच्यावर नवीन भाषण लिहून आणलं. चांगलं होतं. पुरात गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी वजनांची पेटी डोक्यावर घेऊन नदीचा पूल ओलांडला होता, ते त्यात होतं. साहेबांनी ते न वाचताच बाजूला ठेवलं. म्हणाले, प्रमाणित भाषण असताना दुसरं कशाला? मी म्हटलं, साहेब, ड्रायव्हरांना मिशा नाहीत. तेव्हा नवीन तपासनीसाला शिकवावं तसं त्यांनी मला शांतपणे समजावलं. प्रमाण कधी बदलत नसतं. प्रमाणाशी जी वस्तू जुळत नाही, ती दुरुस्त करायची असते.

‘भाषण बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘कमी पडताहेत ते ड्रायव्हर.’

आमच्या कचेरीचं अख्खं काम याच तत्त्वावर चालतं.

तेव्हा ड्रायव्हरांची दुरुस्ती झाली. नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातून मिशी आली. बासरी आणली आणि त्यांच्याकडून एक सूर घोटून घेतला. तो एकच सूर ते पुढे घरीही वाजवत राहिले, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती आणि ती तिने लेखी दिली होती. उंची भरून काढायला स्टूल आलं. मांजर चहावाल्या मावशींनी दिली. ती मोठ्या पारड्यात बसवली. नऊ दिवस शक्य नव्हते म्हणून नऊ मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर माझं भाषण वाचलं गेलं आणि ते प्रत्येक शब्दाला खरं ठरलं. ड्रायव्हर स्टुलावरून उतरले, तेव्हा पूल, पूर, पेटी, सगळं कागदातच राहिलं होतं. कोणीही खोटं बोललं नव्हतं.

तेव्हापासून ही रीत पडली. मिशी, बासरी आणि स्टूल यांना साठ्याच्या वहीत नंबर पडले. टेलिफोनवाल्या बाईंनी मिशी लावायला साफ नकार दिला. म्हणाल्या, मी घरी आणि दारी कोणाचंच ऐकून घेतलेलं नाही, तुमच्या कागदाचं काय ऐकू? मग तडजोड म्हणून मिशी त्यांच्या चेहऱ्यापासून दहा सेंटिमीटरवर दोऱ्याने टांगण्यात आली. अंतर मोजलं होतं. एका तपासनीसांना मांजरीच्या केसांनी शिंका यायच्या. त्यांनी सेवानिवृत्ती दोन महिने पुढे ढकलता येईल का, असा अर्ज केला होता. पुढे मावशींची मांजर म्हातारी होऊन गेली आणि त्यांच्याकडे बोका आला. बोका व्यायला कसा, हा प्रश्न आम्हालाही पडला. त्यावर साहेबांच्या केबिनमध्ये पाऊण तास चर्चा झाली आणि तपशिलात ‘पारड्यात बसला’ एवढंच नोंदवावं असं ठरलं. भाषणातलं वाक्य मात्र बदललं नाही. ते कसं बदलणार?

या भिंतीवर एकोणीस फोटो आहेत. आजचे पाहुणे दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हा ते ओळीने बघत गेले आणि त्यांनी हळूच विचारलं, हे सगळे एकाच घराण्यातले का? आम्ही हसलो. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सोळावा फोटो माझा आहे. हो, मी मिशी लावली. स्टुलावर उभी राहिले. बासरीत फुंकर मारली. समोर बोका बसला होता आणि मीच सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, एका सहा फुटी माणसाचं भाषण मला वाचून दाखवलं जात होतं. घरी फोटो नेला. सून म्हणाली, ‘आई, हे कोण?’ आमच्या ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘तुझे वडील तरुणपणी असे दिसायचे.’ फोटो कपाटावर उलटा ठेवला आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मला आवडत नाही. तुम्हाला वाटेल, या बाईचं लिहिणं साहेबांनी बंद पाडलं. मीही लोकांना तसंच सांगत आले. कोणी विचारलं की म्हणायचे, काय लिहिणार, कचेरीने लिहू दिलं नाही. ते खरं नाही. सकाळचा तास माझाच होता, तो कचेरीने घेतला नव्हता. वह्याही होत्या. ड्रायव्हरांचं भाषण परत आलं त्या आठवड्यात मी तीन सकाळी बसले आणि चौथ्या दिवशी उठले नाही. कारण वर्षा-दोन वर्षांनी, कधी वर्षात दोनदा, याच खोलीत माझं वाक्य वाचलं जाई आणि टाळ्या पडत. ते मला पुरायला लागलं. आपण एकदा बरोबर लिहिलं आहे, त्यावर शिक्काही आहे, मग पुन्हा कशाला तपासायला जा? पुन्हा लिहिलं आणि कमी भरलं तर?

असो. आता किल्लीकडे येते.

प्रमाण वजनाला हात लावायचा नसतो. बोटांचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. ते चिमट्याने उचलायचं, मऊ ब्रशाने पुसायचं, परत पेटीत ठेवायचं. मापखोली सांभाळणाऱ्या आमच्या बाईंनी एकतीस वर्षांत प्रमाण वजनाला एकदाही बोट लावलेलं नाही. पुढे पुढे ती सवय अंगात इतकी मुरली की त्या चहाबरोबरचं बिस्किटही चिमट्याने उचलू लागल्या. माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चिमट्याने घेतली होती. म्हणून त्यांना सगळे चिमटाबाई म्हणतात, तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना राग येत नाही.

त्यांच्या निवृत्तीची तारीख ठरली. नियमाप्रमाणे साठ्यातून मिशी निघाली, धुतली, वाळत घातली. ती दोरीवर पाहून चिमटाबाईंनी मापखोलीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. साहेबांना त्यांनी अर्ध्या कागदावर लिहून दिलं: ‘माझ्यासाठी वेगळं भाषण हवं. ज्यांनी पहिलं लिहिलं त्यांनीच ते लिहावं. मग किल्ली.’

अकरा दिवस शहरातल्या एकाही तराजूची तपासणी झालेली नाही. बाहेर रांग तुम्ही बघताच आहात. ताबा दिल्याची यादी पूर्ण झाल्याशिवाय चिमटाबाईंना निवृत्तही होता येत नाही, म्हणजे कागदोपत्री त्या दहा दिवसांपूर्वी घरी जायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात खुर्चीवर होत्या. तिसऱ्या दिवशी साहेब माझ्या घरी आले. जिना चढून दमले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, कुलूप तोडता येतं, पण ते तोडायची मंजुरी मापखोलीतल्या फायलीत आहे. मी म्हटलं, मी लिहीत नाही. साहेब म्हणाले, मग मी काय करू? आमचे हे पेपर खाली न घेता म्हणाले, ‘तिला एक वही द्या आणि तुम्ही निघा.’

वही समोर घेतली. पहिल्या दिवशी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ एवढं लिहिलं आणि पुढे आपोआप ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आलं. दुसऱ्या दिवशी ते खोडलं. तिसऱ्या दिवशी दोन पानं झरझर लिहून झाली. मला वाटलं, आलं परत. ह्यांना वाचायला दिली. ते म्हणाले, चांगलं आहे, पण चिमटाबाईंना मिशा कधी आल्या? वाचून बघते तर दुसऱ्याच ओळीत ‘भरघोस मिशा’. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मी ती पानं फाडली आणि कचेरीत आले.

चिमटाबाई खुर्चीवर बसून बिस्किट खात होत्या. मी विचारलं, तुझ्याबद्दल काय लिहू, ते तूच सांग. मापखोलीत एकतीस वर्षं तू आणि वजनं, तिसरं कोणी नाही.

त्या म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही लिहिलंय की. फक्त माझ्या नावावर नाही.’

काय ते मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मांजर चिमटाबाईंची होती.

पाहुण्यांसाठी पुन्हा सांगते. मोठ्या तराजूच्या पारड्यात मांजर व्यायली, तेव्हा हेडक्लार्कांनी काही केलं नव्हतं. ते वेळेवर आले आणि म्हणाले, हिला हुसका. चिमटाबाई तेव्हा नोकरीत चार वर्षांच्या होत्या. त्या पारड्यासमोर उभ्या राहिल्या. काटा नादुरुस्त आहे असा अहवाल त्यांनी लिहिला, जो खोटा होता, आणि दुकानदारांना नऊ दिवस परत पाठवलं. हेडक्लार्कांनी त्या अहवालावर सही केली. रोज सकाळी येऊन ‘संपलं का?’ एवढं विचारलं. माझं टेबल तिथून सहा पावलांवर होतं. मी सगळं पाहिलं होतं. आणि मला जेव्हा एका रिकाम्या भाषणासाठी एक वाक्य हवं होतं, तेव्हा मी ते त्या खोलीतून उचललं आणि दुसऱ्याच्या पारड्यात टाकलं. एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाईकाला असं केलं असतं तर आपण त्याचं दुकान बंद केलं असतं. खिडकीतले मान हलवताहेत. बरोबर आहे, हलवा.

तेव्हापासून एकोणीस वेळा या बाई मागच्या रांगेत बसून आपलं काम हेडक्लार्कांच्या, ड्रायव्हरांच्या, टेलिफोनवाल्या बाईंच्या, शिंकणाऱ्या तपासनीसांच्या आणि माझ्या नावावर वाचलेलं ऐकत आल्या. टाळ्याही वाजवत आल्या. मी विचारलं, तू कधी बोलली का नाहीस? एकदा तरी?

त्या म्हणाल्या, ‘तुम्ही छान लिहिलं होतंत. मांजर त्यात छान दिसत होती.’ मग बिस्किटाचा उरलेला तुकडा चिमट्याने बशीत ठेवला. ‘वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी तिची आठवण काढायचं. नाव कुणाचं का असेना.’

मी म्हटलं, मग आता काय झालं?

‘आता माझ्या नावावर येणार,’ त्या म्हणाल्या. ‘आणि मिशीसकट येणार. पहिल्यांदा खरं होणार, तेही नाटक म्हणून. लोक म्हणतील, हिलाही बोका बसवला.’

एवढं बोलून त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मला एकटीला आत घेतलं. सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंदवही खालच्या फळीवर होती. शेवटचं पान उघडलं. त्यावर चार रकाने आखलेले. पिलं चार होती. रोज सकाळी अकराला त्यांचं वजन केलं होतं, लहान तराजूवर, फडक्यात ठेवून. फडक्याचं वजन वजा केलेलं आहे. मी आकडे ताडून पाहिले. एकही चूक नाही. पहिलं पिलू एकशे चार ग्रॅमवरून नवव्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णववर गेलं. दुसरं, तिसरं तसंच. चौथ्या रकान्यात एकोणऐंशी. मग ऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याहत्तर. पाचव्या दिवशी तिथे आकडा नाही, आडवी रेघ आहे.

मी रेघेवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी वजन नाही केलं. हातातच होतं ते. सकाळपासून.’

आणि नंतर म्हणाल्या, ‘तो चिमटा कुठे ठेवला होता, तेही आठवत नाही.’

मी घरी गेले आणि हे भाषण लिहिलं. एका बैठकीत नाही झालं, पाच सकाळी लागल्या. कधी वाक्य कमी भरलं, कधी जास्त. पुन्हा पुन्हा केलं. आमच्या ह्यांनी रोज चहा केला आणि रोज एकच प्रश्न विचारला, ‘मिशी आहे का?’ पाचव्या दिवशी नव्हती.

आता चिमटाबाई, तुमच्याकडे वळून बोलते. इतकी वर्षं तुला अगं-तुगं केलं, पण आज व्यासपीठ आहे. बाई, मी तुमची गोष्ट घेतली आणि ती चांगली सांगितली. चांगली सांगितली म्हणून ती माझी झाली असं मला वाटत राहिलं. माझी नव्हती, हेडक्लार्कांचीही नव्हती. हेडक्लार्क वेळेवर येत होते, तेवढंच त्यांच्या नावावर राहू दे. तेही काही कमी नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांबद्दल ते म्हणता येईल? ज्यांनी नऊ दिवस एक खोटा अहवाल आणि एक खरी नोंद, दोन्ही एकाच हाताने लिहिली, त्या या बाई. बोका नको, स्टूल नको. त्या आहेत तेवढ्याच उंच आहेत.

आता टाळ्या वाजवल्यात तर हरकत नाही.

पुरे.

साहेबांनी सकाळी मला एक सूचना केली होती, ती सर्वांसमोर सांगते, कारण उत्तरही सर्वांसमोर द्यायचं आहे. साहेबांचं म्हणणं असं की हे भाषण जमलं तर जुन्यावरचा शिक्का रद्द करून यावर मारावा आणि यापुढे हेच वाचावं. साहेब, तुम्ही आठ महिन्यांनी निवृत्त होता. मापखोलीत पिलांचं वजन केलं, हे तुमच्याबद्दल कसं वाचणार? तुमच्यासाठी वेगळं लिहावं लागेल. आठ महिने आहेत. तोवर काहीतरी करून ठेवा.

आभार मानते. चहावाल्या मावशींचे, ज्यांनी सव्वीस वर्षं आधी मांजर आणि मग बोका विनातक्रार दिला. दुकानदारांचे, ज्यांनी अकरा दिवस वाट पाहिली आणि त्या काळात कोणाला कमी मोजून दिलं नसेल, असं आपण धरून चालू. पाहुण्यांचे, ज्यांनी तो घराण्याचा प्रश्न विचारला. ड्रायव्हर आज हयात नाहीत. त्यांच्या पत्नी आल्या आहेत, चौथ्या रांगेत. वहिनी, पुलाचं भाषण माझ्याकडे जपून आहे, ते आज संध्याकाळी तुमच्याकडे पोहोचवते. उशीर झाला. माझ्या बोलण्यात कोणाच्या वाट्याला कमी-अधिक आलं असेल, कोणाच्या मिशीचा उल्लेख नको तितका झाला असेल, तर पदरात घ्या आणि रागावू नका. रागावलात तरी मी भाषण बदलणार नाही.

आता ताबा देण्याघेण्याची यादी. ही नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायची असते. ज्याचं नाव येईल त्याने हो म्हणावं.

एक. मापखोलीची किल्ली, नग एक. देणाऱ्या चिमटाबाई, घेणारे नवीन मापखोली-रक्षक. गळ्यातून काढताहेत. दिली, मिळाली.

दोन. प्रमाण वजनं, पेटीसह, नग बावीस. मऊ ब्रश एक. चिमटा एक, दांड्याला दोरा गुंडाळलेला. दिला. बाई, सोडा तो. मिळाला.

तीन. सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंदवही, नग एक, मापखोलीतच राहील. शेवटच्या पानाची खरी नक्कल साहेबांच्या सहीने चिमटाबाईंना. मिळाली.

चार. मिशी एक, बासरी एक, स्टूल एक. बासरी ड्रायव्हरांच्या पत्नीला देऊ केली, नको म्हणाल्या. तीनही वस्तू साहेबांकडे, परत न करण्याच्या अटीवर. बोका मावशींना साभार परत. तो आधीच गेला आहे.

पाच. भाषण, जुनं, शिक्क्यासह, एक. लिहिणारीने परत घेतलं.

सहा. भाषण, नवीन, हेच. पानं सात, हाताने लिहिलेली, शिक्का नाही. लिहिताना पुढे आणखी अकरा पानं झाली, त्यांत या कचेरीतलं कोणी नाही. ती यादीत धरलेली नाहीत, माझ्याकडेच राहतील. देणारी मी, घेणाऱ्या चिमटाबाई. बाई, पुढे या.

मिळालं. शेरा: हाताने घेतलं.